कलमाचा चाकू

मराठीत 'कलम' हा शब्द मोठा कष्टाळू आहे. कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे आंब्यागुलाबाचे कलम, आणि कलम म्हणजे कायद्याचे कलम. मूळ शब्द अरबी, आणि अरबांनीही तो ग्रीकांकडून उचललेला. ग्रीक भाषेत 'कालामोस' म्हणजे बोरू. खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूचा इतिहास सांगायला बसले, तर या तीनही कलमांच्या दारावरून जावे लागते. चाकू आधी लेखणीचा सोबती होता, मग इतर नाना कामांचा झाला, आणि शेवटी कायद्याच्या कक्षेत येऊन उभा राहिला. हा प्रवास कसा घडला, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि पोटापाण्यासाठी शिक्षक. चाकूंचा नाद मला विद्यार्थिदशेत लागला तो आजतागायत सुटलेला नाही. माझ्यापाशी घडीचे चौदा चाकू आहेत. त्यांतला एकही मौल्यवान म्हणावा असा नाही. काही जुन्या बाजारात मिळाले, काही कोणी कोणी दिले. सुटीच्या दिवशी ते काढावेत, खोबरेल तेलाचे बोट फिरवावे आणि पुन्हा ठेवून द्यावेत, एवढाच तो छंद. पण ते न्याहाळताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येत गेली. चाकूला रोजचे काम होते तोवर त्याचे कोणाला भय वाटले नाही. काम गेले, नुसते पाते उरले, आणि मग भय आले.

घडीचा चाकू फार जुना आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सनापूर्वी सुमारे सहाव्या शतकातला मानतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात एक रोमन अवजार आहे. चमचा, काटा, सुरी अशा अनेक गोष्टी त्यात एकत्र घडी होतात. आजचा स्विस चाकू पाहून ज्यांना विज्ञानाचे कौतुक वाटते, त्यांनी ते एकदा चित्रात तरी पाहावे. मध्ययुगीन युरोपात पाहुणा जेवायला जाताना आपली सुरी आपणच नेत असे. यजमानाने सुरी मांडून ठेवण्याची पद्धत पुष्कळ नंतरची. कमरेची सुरी हे तेव्हा जेवणाचे साधन होते. ती घेऊन घरात येणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नसे.

आता लेखणीकडे वळू. इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला 'पेननाइफ' म्हणतात. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना विचारतो, चाकूचा आणि पेनचा संबंध काय? पेनाएवढा लहान म्हणून, पेनासारखा खिशात राहतो म्हणून, अशी उत्तरे येतात. खरे उत्तर त्यांना सापडत नाही, कारण ज्या कामावरून चाकूला हे नाव पडले, ते काम त्यांच्या आजोबांनीही केलेले नसते. 'पेन' हा शब्द लॅटिन 'पेन्ना'वरून आला, आणि पेन्ना म्हणजे पीस. युरोपने हजार वर्षांहून अधिक काळ हंसाच्या पिसाने लिहिले. पीस तापल्या वाळूत घालून कडक करायचे, टोकाला तिरपा छेद द्यायचा, मधोमध बारीक चीर पाडायची, की झाली लेखणी. उजव्या हाताने लिहिणारे डाव्या पंखाचे पीस पसंत करीत, कारण त्याचा बाक डोळ्यांसमोरून दूर वळतो. अशी लेखणी थोडे लिहून होताच बोथट होई आणि पुन्हा तासावी लागे. म्हणून मध्ययुगीन हस्तलिखितांतील चित्रांत लेखकाच्या एका हातात पीस असते आणि दुसऱ्या हातात सुरी. या सुरीला आणखी एक काम असे. चर्मपत्रावर चुकलेले अक्षर तिने खरवडून काढीत. लेखणी करायची आणि चूक पुसायची, ही दोन्ही कामे एकाच पात्याची.

आपल्याकडेही वेगळे नव्हते. फारसीत या चाकूला 'कलमतराश' म्हणजे कलम तासणारा असे नावच आहे. सुलेखनकारांचे कलमतराश हस्तिदंती मुठीचे, सोन्याच्या नक्षीचे असत. 'चाकू' हा शब्द आपल्याकडे फारसी-तुर्कीच्या वाटेने आला. आपली जुनी 'सुरी' संस्कृत 'क्षुरिके'ची लेक. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनक्रिया सांगितली आहे. त्यात देशोदेशीचे बरू आणण्याबरोबर टाक तोडण्याची नाना साधनेही जवळ असावीत, असे ते बजावतात. बोरूला तिरपा काप नीट बसला नाही, तर मोडीचे वळण साधत नाही. पंतोजींच्या शाळेत बोरू करून देणे हे पंतोजींचे काम, आणि हात बसला की ते पोराने स्वतः करायचे. कारकुनाच्या कलमदानात दौत, बोरू आणि चाकू एका कुळातल्यासारखे नांदत. लेखणीला जर शारदेचे लेणे म्हणायचे, तर त्या लेण्याचा सोनार हा चाकू होता.

आपल्या माणसाच्या कमरेला मात्र चाकूपेक्षाही अडकित्ता अधिक शोभला. चंची सोडली की पान, चुना, कात, सुपारी आणि अडकित्ता. अनोळखी वाटसरूही या अडकित्त्याने कातरलेल्या सुपारीचे खांड घेऊन गप्पांना बसे. धारेची वस्तू खिशात बाळगण्याची आपली रीत ही अशी आदरातिथ्याची होती.

खिशातला चाकू जगभर पोहोचवला तो मात्र इंग्लंडातील शेफील्ड गावाने. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डची सुरी खोवली आहे, म्हणजे गावाचा लौकिक तेव्हापासूनचा. १६२४ साली पार्लमेंटने कायदा करून तेथील कारागिरांचा संघ स्थापन केला. प्रत्येक कारागिराची खूण संघाच्या दप्तरात नोंदली जाई आणि ती पात्यावर ठोकावी लागे. सतराव्या शतकात तेथे घडीच्या चाकूच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग बसू लागली. चाकू उघडताना आणि मिटताना जो 'खट्' असा गोड आवाज येतो, तो या पट्टीचा. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने घड्याळाच्या स्प्रिंगेसाठी चांगले पोलाद हवे म्हणून मुशीत पोलाद वितळवण्याची रीत शोधली. शेफील्डच्या चाकूवाल्यांना ते फार कडक वाटले आणि त्यांनी ते नाकारले. तेव्हा हंट्समनने ते फ्रेंचांना विकले, आणि त्या पोलादाचे सरस फ्रेंच चाकू बाजारात आल्यावर गावकऱ्यांचे डोळे उघडले, असे सांगतात. पिकते तेथे विकत नाही, ही आपली म्हण शेफील्डलाही लागू होती.

शेफील्डचे बरेचसे काम लहान लहान कारागिरांच्या हातून होई. तिथल्या बोलीत त्यांना 'लिटल मेस्टर' म्हणत. एक पाते घडवी, दुसरा त्याला सहाणेवर धार काढी, तिसरा शिंगाच्या, हस्तिदंताच्या किंवा शिंपल्याच्या मुठीत ते बसवी. जोसेफ रॉजर्स या पेढीने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी पंचाहत्तर पात्यांचा एक प्रचंड चाकू केला. तो कापण्यासाठी नव्हताच, मिरवण्यासाठी होता. याच पेढीची तारा आणि माल्टा क्रॉस अशी खूण असलेला एक साधा दोन पात्यांचा चाकू माझ्या संग्रहात आहे. मोठे पाते पुन्हा पुन्हा धार लावून सुपारीच्या फाकेएवढे अरुंद झाले आहे. लहान पाते अजून शाबूत. तो इंग्लंडात घडून आमच्या भागातल्या एका कुलकर्ण्यांच्या दप्तरात झिजला.

पण अशा चाकूच्या झळाळीमागे काय होते, हेही सांगितले पाहिजे. धार काढणारे कामगार फिरत्या दगडावर ओणवे होऊन बसत. दगडाची आणि पोलादाची धूळ श्वासाबरोबर छातीत जाई. या रोगाला तेथे 'ग्राइंडरांचा दमा' असेच नाव पडले होते. फ्रीडरिश एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांच्या आधारे लिहिले आहे, की कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचे आणि ओल्या दगडावरच्यांचे क्वचितच पंचेचाळिसापुढे जाणारे. रॉजर्सचा तो चाकू हाती घेतला की ज्याने त्याला पहिली धार दिली तो किती वर्षे जगला असेल, हा विचार मनात येतोच. चाकूने माणसे मारली म्हणतात ती भांडणात. पण पोटासाठी चाकू घडवताना किती मेले, ती गणती निराळी.

एकोणिसाव्या शतकात लेखणीने चाकूची साथ सोडली. बर्मिंगहॅममध्ये पोलादी निबे यंत्रावर निघू लागली. जोसेफ गिलट याने १८३१ साली त्याचे पेटंट घेतले आणि मग निबांचे पेटारेच्या पेटारे जगभर गेले. निब तासावे लागत नाही. झिजले की फेकायचे आणि नवे घालायचे. आपल्याकडे बोरू हटून लाकडी दांड्याचा टाक आला तो या लाटेतच. चाकूला शिसपेन्सिलीचा आधार राहिला होता, तर १८२८ साली फ्रान्समध्ये लासिमोन नावाच्या गणितज्ञाने पेन्सिलीला टोक काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेऊन ठेवले होते. त्या यंत्राला घराघरांत पोहोचायला वेळ लागला इतकेच. 'पेननाइफ' हे नाव तेवढे उरले.

ज्या चाकूने नवी कामे अंगावर घेतली तो तगला. स्वित्झर्लंडच्या श्विझ परगण्यातील ईबाख या गावी कार्ल एल्सनर याने १८८४ साली कारखाना काढला. त्या सुमारास स्विस सैन्याला नवी बंदूक मिळाली होती आणि ती खोलायला पेचकस लागे. शिवाय सैनिकाच्या शिध्यात डबाबंद अन्न आले होते. म्हणून पाते, पेचकस, डबा फोडणारे पाते आणि भोके पाडण्याचा आरा असा सैनिकी चाकू ठरला. गंमत अशी, की पहिले पंधरा हजार चाकू जर्मनीतील झोलिंगेनहून करून घ्यावे लागले, कारण स्वित्झर्लंडात एवढी कुवत कोणाकडे नव्हती. एल्सनरने १८९१ मध्ये हे काम देशात आणले आणि त्यापायी तो जवळजवळ बुडाला, नातलगांनी सावरले. १८९७ मध्ये त्याने बूच काढायचा स्क्रू आणि आणखी एक लहान पाते घालून अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. आईच्या निधनानंतर, १९०९ मध्ये, तिचे 'व्हिक्टोरिया' हे नाव त्याने कारखान्याला दिले. १९२१ पासून न गंजणारे पोलाद वापरात आले, त्याचे फ्रेंच नाव 'इनॉक्स'. दोन्ही मिळून 'व्हिक्टोरिनॉक्स'. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांना त्याचे लांबलचक जर्मन नाव उच्चारता येईना, त्यांनी 'स्विस आर्मी नाइफ' म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झाले.

सैनिकी चाकूची ओळख आपल्या बेळगावकरांना वेगळी करून द्यायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र गावात असल्यामुळे आसपासच्या खेड्यांत निवृत्त जवान पुष्कळ. त्यांच्यापैकी एका सुभेदारांनी मला आपला घडीचा चाकू दिला. एक जाड पाते, डबा फोडायचे पाते आणि दोराच्या गाठी सोडवायचा खिळा. पलटणीत असताना तो कशाला वापरला, हे त्यांनी एका वाक्यात आटोपले. घरी आल्यावर त्याने कोणकोणती कलमे केली, हे सांगायला मात्र त्यांना अर्धी दुपार लागली.

हे झाले दुसरे कलम. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात आंब्याची कलमे बांधण्याची विद्या रुजली, आणि एकेका झाडाचा गोडवा शेकडो झाडांत जसाच्या तसा उतरू लागला. भेट कलम, पाचर कलम, कोय कलम, गुलाबाला डोळा भरणे, या सगळ्यांचे मर्म एकच. साल आणि लाकूड यांच्यामधला ओला थर दोन्हीकडे जुळला पाहिजे, आणि त्यासाठी काप एका ओढीत, गुळगुळीत बसला पाहिजे. बोथट पात्याने पेशी चिरडतात आणि कलम वाळते. माळ्याचा चाकू वस्तऱ्यासारखा धारदार असतो. तरीही माळ्याला पाहून कोणी रस्ता बदलल्याचे माझ्या पाहण्यात नाही. धार तीच, पण तिला काम आहे.

काम सुटले की काय होते, ते जपानात दिसले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जपानच्या मिकी गावात 'हिगोनोकामी' नावाचा अगदी साधा घडीचा चाकू होऊ लागला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पाते, आणि उघडण्यासाठी मागे एक लहानशी शेपटी. स्वस्त इतका, की तो शाळकरी मुलांच्या दप्तरात जाऊन बसला. पेन्सिल तासावी, बांबूचे भिरभिरे करावे, अशी त्याची कामे. १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत भर सभेत समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो आसानुमा यांचा सतरा वर्षांच्या एका मुलाने खून केला. हत्यार होते आखूड तलवारीचे. पण हादरलेल्या समाजाने मुलांच्या हातून पाती काढून घेण्याची चळवळ उभारली, आणि तीत पेन्सिल तासणारा चाकूही गेला. त्याची जागा टोकयंत्राने घेतली. मिकीत एके काळी अनेक कारागीर हा चाकू करीत. पुढे परवान्यानिशी ते नाव चालवणारे एकच घराणे उरले. तलवारीच्या गुन्ह्याची शिक्षा पेन्सिलीच्या चाकूला झाली, असे म्हणावेसे वाटते. तथापि त्या पालकांचे भय खोटे होते, असे मी म्हणणार नाही.

आपल्याकडे चाकूची बदनामी रामपूरच्या नावाने झाली. उत्तर प्रदेशातल्या त्या गावचे कारागीर नवाबी काळापासून घडीचे चाकू करीत आले. पुढे हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांनी ते एवढ्या वेळा उघडले, की 'रामपुरी' हा शब्दच गुंडाचा दाखला झाला. २०२३ साली रामपूरच्या एका चौकात वीस फुटांचा चाकू उभारण्यात आला. ज्या वस्तूचे काम सुटते, तिचे स्मारक होते.

तिसरे कलम कायद्याचे. आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी केलेल्या वस्तू वगळल्या आहेत. १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची मर्यादा आली. तेथेही घरकाम, शेती, शास्त्र आणि उद्योग यांची साधने बाजूला काढली आहेत. मला हे मोठे शहाणपणाचे वाटते. कायदा पाते मोजतो खरा, पण त्याआधी विचारतो, की हे कोणत्या कामाचे? विमानतळावर मात्र हा प्रश्न विचारायला सवड नसते. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर विमानात लहानसे पातेही नेणे बंद झाले. विमानतळांवरच्या दुकानांत हातोहात खपणाऱ्या स्विस चाकूला त्याचा मोठा फटका बसला. २०२४ मध्ये तर व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनी पाते नसलेल्या खिसा-अवजारावर काम चालू असल्याचे सांगितले. चाकूच्या इतिहासात पात्याविना चाकू हा अध्याय येईल, असे हंट्समनला स्वप्नातही वाटले नसते.

मुख्याध्यापक म्हणून हा प्रश्न माझ्या टेबलावर येतोच. आमच्या शाळेत चाकू आणण्यास मनाई आहे आणि ती राहील. आठशे मुलांच्या दप्तरांत आठशे पाती असावीत, असे मी कोणाही पालकाला सांगू शकत नाही. पण मनाई हे शिक्षण नव्हे. १८६६ साली फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने लोकशाळांत हस्तकाम सक्तीचे झाले. पुढे स्वीडनमधील नॅस येथे ओटो सालोमन यांनी त्या 'स्लॉइड' पद्धतीचे शिक्षक तयार केले. मुलाच्या हाती पहिले अवजार कोणते द्यायचे, तर चाकू. कारण तो त्याच्या ओळखीचा. चाकू द्यायचा, पण वर्गात, शिक्षकासमोर, एखादी उपयोगाची वस्तू पुरी करण्यासाठी. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, तीही हाताला काम देऊनच डोक्याला शिकवणारी. या दोन्ही पद्धती आपण भाषणांत ठेवल्या आणि वेळापत्रकातून वगळल्या.

आमच्यापुरता आम्ही एक मार्ग काढला आहे. शाळेच्या कपाटात कलम करण्याचे बारा चाकू आहेत. जून-जुलैत, पाऊस स्थिरावला की आठवीच्या मुलामुलींना बारा-बाराच्या गटाने ते मोजून दिले जातात आणि मोजून परत घेतले जातात. आवारात रुजवलेल्या कोयींवर जाणता माळी त्यांच्याकडून कोय कलम करून घेतो. पाते स्वतःपासून दूर ओढायचे, दुसऱ्याला देताना मिटून द्यायचे, काम झाले की पुसायचे. एवढे तीन नियम फळ्यावर लिहिलेले असतात. आजवर बोटे दोन-चार कापली, चाकू एकही हरवला नाही. यंदा पन्नास कलमांपैकी एकतीस जगली. ज्यांची वाळली त्यांनी कारण विचारले, तेव्हा माळ्याने वाळलेली काडी सोडवून काप दाखवला. दोन ओढीत घेतलेला होता, मध्ये पायरी पडली होती. त्या मुलांनी पुढच्या वर्षी नववीत असूनही पुन्हा बसू द्यावे, असा अर्ज केला आहे. तो मी मंजूर केला.